इथूनच तर बघायला लागलो होतो

स्कारनेस,
११ फेब्रुवारी १९५१

प्रिय हेस्टर हिला मेबलचा सप्रेम नमस्कार. वि. वि. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझी खुशाली पेपरातून कळते, पण तेवढ्याने भागत नाही, तेव्हा स्वतःच्या हातानेही कळवत जा.

रविवारच्या पेपरात तुझा फोटो आला. खाली छापलं होतं, लोकप्रिय कादंबरीकार मिस हेस्टर गारबट आता सिनेमाकडे. मासळीवाल्याने तो कापून दुकानाच्या काचेवर आतून चिकटवलाय, त्यामुळे सध्या तू हॅडॉक माशांच्या वर आणि हेरिंग-बांगड्यांच्या भावाच्या खाली विराजमान आहेस. आईने फोटो नीट उजेडात धरून बघितला आणि एवढंच म्हणाली की ती टोपी मेबलची आहे. टोपी परत कर. लंडनला टोप्या मिळत असतील.

तुझं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले, आणि तरी आणखी ऐकावंसं वाटतं ते वेगळंच. आइस फॅक्टरीत सिरिलच्या सोबत्यांनी जेवणाच्या सुट्टीत तुझी नवी कादंबरी वाचायला घेतलीय. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी जेवायचं, आणि वाचणाऱ्याला प्रत्येकाने आपल्या डब्यातला एक घास द्यायचा. माझा नवरा आता रोज वाचायला पुढे होतो. माणसाला साहित्याची गोडी अशी लागते. माशांच्या लिलावाच्या कचेरीत टाइप करणारी पोरगी आपल्या नजरेसमोर एवढी मोठी झाली, हे आठवलं की मला रस्त्यात उगीच हसू येतं आणि लोक बघतात.

आईचं म्हणशील तर तिचं धोरण बदललेलं नाही. तुझी सगळी पुस्तकं ब्राऊन पेपरात गुंडाळून कपाटावर ठेवलीत, दर शनिवारी पुसते, कुणाला हात लावू देत नाही, आणि स्वतः एक पानही वाचत नाही. घरच्या माणसाने लिहिलेलं वाचणं म्हणजे त्याच्या खोलीत किल्लीच्या भोकातून बघणं, असं तिचं म्हणणं.

आता मुद्द्याचं. फोटोखाली लिहिलंय की सिनेमा तुझ्या 'तिसरी भरती' कादंबरीवर निघणार. खरं का हे? त्या पुस्तकातला माणूस म्हणजे आपले बाबा हे मला पहिल्या पानावर कळलं होतं, आणि आईने पुस्तक उघडलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानले होते. पण सिनेमाला ती दर गुरुवारी जाते. पुस्तक आपण उघडलं तरच बोलतं. पडद्याचं तसं नसतं. बाबांची बोट बुडाली त्याला पंचवीस वर्षं झाली आणि आई त्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही. ते सगळं तिच्यासमोर पुन्हा बुडवू नकोस.

लोभ आहेच; लंडनच्या धुक्यात तो हरवू देऊ नये.
तुझी, मेबल


लंडन,
२५ फेब्रुवारी

प्रिय मेबल हिला हेस्टरचे अनेक नमस्कार, आणि टोपीबद्दल एक जास्तीचा. टोपी स्टुडिओतल्या एका कुत्र्याने चावली. त्याला पगार माझ्यापेक्षा जास्त आहे, म्हणून कुणी काही बोललं नाही.

होय, 'तिसरी भरती'च. मला आधी सांगायला हवं होतं, पण तुझे कान लाल होतील आणि आईला कळेल म्हणून गप्प राहिले.

इथे मला एक लाकडी खोली, एक खुर्ची आणि एक निर्माते मिळालेत. त्यांचं नाव लॅस्कम. उंच, सभ्य, सारखे हातात टोपी धरून फिरतात, जणू आत्ता निघणार आहेत. परवा त्यांनी मला विचारलं की तुमचं कुठलंही प्रकरण मधूनच उघडलं तरी माणूस लगेच रमतो, ही विद्या कुठे शिकलात. मी म्हटलं, स्कारनेसच्या ट्रायटन थिएटरात. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

तुला आठवतं ना? दुपारपासून सिनेमा गोल फिरत राहायचा, एकदा तिकीट काढलं की कधीही आत जा, कितीही बसा. आणि आपली आई वेळेवर कधी गेली नाही. बाजार उरकायचा, पिशवीत दोन संत्री टाकायची, आणि आपल्या दोघींना धरून अंधारात शिरायचं, तोवर पडद्यावर अर्धी माणसं मेलेली असायची. आधी शेवट, मग बातम्या, मग सुरुवात. ओळखीचा प्रसंग आला की आई हातमोजे चढवायची आणि म्हणायची, चला, इथूनच तर बघायला लागलो होतो. बातम्या चालू असताना मी तुझ्या कानात या सिनेमाची सुरुवात काय असेल ते रचून सांगायचे. मग खरी सुरुवात बघून तू म्हणायचीस की हेस्टरची बरी होती. माझ्या लिखाणाचं पहिलं परीक्षण ते, आणि अजून तेच सगळ्यात चांगलं आहे.

पण लॅस्कमसाहेबांशी माझं जुळत नाहीये. त्यांना दोन गोष्टी हव्यात. माणूस बोटीवर जातो तेव्हा बायकोने धक्क्यावर धावत यावं, गळ्यात पडावं, रुमाल हलवावा. आणि शेवटी त्याने जिवंत परत यावं. दुसऱ्याचं नंतर बघू, पण पहिलं ऐकून मी चहा सांडला. स्कारनेसची बायको, बोट सुटायच्या दिवशी, धक्क्यावर? मी त्यांना समजावलं की आमच्याकडे त्या दिवशी घरात कपडे धूत नाहीत, धुतले तर माणूस वाहून जातो. दारापर्यंत जात नाहीत. हात हलवत नाहीत, लाट तसाच हात हलवून बोलावते म्हणून. तो घराबाहेर पडेपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की फारच सुंदर, पण पाठीचा सिनेमा बघायला कोण येणार.

आईला माझ्या नावाने एक संत्रं दे. मला विसरू नये.
तुझी, हेस्टर


स्कारनेस,
४ मार्च

प्रिय हेस्टर हिला नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग नाही हसले. धक्क्यावर रुमाल हलवणारी बायको दाखवलीस तर आपल्या गल्लीतल्या बायका थिएटरात उभ्या राहून तुला शिव्या देतील, तेवढं मात्र तुझं बरोबर. तिथे तू मागे हटू नकोस.

पण दुसऱ्या गोष्टीत मी तुझ्या लॅस्कमसाहेबांच्या बाजूने आहे. त्याला परत आण, हेस्टर. तुझं काय जातं त्यात? भिजलेला, दाढी वाढलेला, दारात उभा राहील, बायको ओरडेल, बाजा वाजेल, लोक डोळे पुसत घरी जातील. खोटं असेल. पण खऱ्याने आपल्या घराचं काय भलं केलं? तू लहान होतीस. मी तेरा वर्षांची होते, गोवर येऊन मावशीकडे पडले होते, परत आले तर आईने सगळ्या खुर्च्या घासून अंगणात वाळत टाकलेल्या. मी विचारलं बाबा कधी येणार, तर म्हणाली खुर्च्यांवर बसू नकोस, ओल्या आहेत. एवढंच. आजतागायत एवढंच.

ती आता म्हातारी झालीय गं. जिने चढताना मधल्या पायरीवर थांबते आणि भिंतीवरचं काही बघतेय असं दाखवते. मोठी लेखिका आहेस, कुठे सोडून द्यावं हे तुला कळतं. इथे सोड.

रागावू नये. रागावलीस तरी पत्र लिहायचं थांबवू नये.
मेबल


लंडन,
१८ मार्च

प्रिय मेबल हिला हेस्टरचा नमस्कार. रागावले नाही. चार दिवस तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरले, आणि एकदा तर त्या माणसाला परत आणणारा प्रसंग लिहूनही काढला. चांगला जमला होता, हीच पंचाईत. वाचताना माझा मलाच हुंदका आला, आणि मग स्वतःचीच शिसारी आली.

आता तुला एक सांगते जे कुणालाच सांगितलेलं नाही. तू मावशीकडे होतीस. बाबा निघाले त्या सकाळी मी जिन्यावर बसले होते, कठड्याच्या आडून बघत. आई चुलीपाशी, पाठ करून, किटलीवर हात. बाबांनी पिशवी खांद्यावर घेतली, दाराच्या कडीला हात लावला, आणि उघडली नाही. तिथेच उभे राहिले. आईच्या पाठीकडे बघत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, नऊ वर्षांची होते, मला वाटलं आता जेवणाची वेळ होणार. ते तिच्याकडे असं बघत होते की मला वाटलं आपण बघू नये, म्हणून मी डोळे मिटले. मग कडी वाजली.

आईने ते बघितलं नाही. नियम पाळत होती. मी तिला कधी सांगू शकले नाही, कारण त्या सकाळचा विषय काढला की ती खुर्च्या घासायला घेते. म्हणून मी कादंबरी लिहिली, तर तिने ती ब्राऊन पेपरात गुंडाळली.

मंगळवारी लॅस्कमसाहेब निर्वाणीचं बोलायला आले. रुमाल आणि परतणं दोन्ही लिहा, नाहीतर दुसरा लेखक बघतो. मी वाद घातला नाही. त्यांना म्हटलं, तुम्ही जाताना दाराशी थांबा आणि माझ्याकडे बघा, मी वळणार नाही. आणि मनातून जावंसं वाटेपर्यंत जाऊ नका. मग मी त्यांच्याकडे पाठ करून चहा करायला लागले. साखर घातली, ढवळलं, पुन्हा ढवळलं. मागून काही आवाज नाही. चहा गार झाला. शेवटी न राहवून मी वळले, तर साहेब टोपी छातीशी धरून उभे. ते लढाईवर निघाले तेव्हा त्यांच्या बायकोने फलाटावर रुमाल हलवला होता, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवसातलं त्यांना आता काय आठवतं, तर तो रुमाल. तिचा चेहरा रुमालामागे गेला. मग टोपी घालून म्हणाले की पाठच राहू द्या, आणि एवढं बघून गेलेला माणूस परत आणला तर त्याने दाराशी बघितलेलं सगळं फुकट जाईल. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. त्याऐवजी गार चहा दिला. त्यांनी तो प्यायला.

तर मेबल, तो परत येणार नाही. आईसाठीच येणार नाही. तिला वाईट वाटेल हे मला कळतं आणि त्याची भीतीही वाटते. पण ते दार तिने एकदा बघायला हवं.

या निर्णयापुरती माझ्यावर कृपा असू दे. पुढचं भांडण प्रत्यक्ष भेटीत.
हेस्टर


स्कारनेस,
२० एप्रिल १९५२

प्रिय हेस्टर हिला अभिनंदनपूर्वक नमस्कार, वि. वि.

सोमवारी तुझा सिनेमा ट्रायटनला लागतोय. बाहेर तुझं नाव नटीच्या नावाएवढ्याच अक्षरांत लावलंय, मॅनेजरने स्वतः शिडीवर चढून. मी आणि सिरिल शनिवारी बसने जाऊन शेजारच्या गावात आधीच बघून आलो. तुला काय सांगू? सिनेमा बघून घरी आल्यावर सिरिलने आपणहून चहा केला. लग्नानंतर पहिल्यांदा. भलताच कडू होता, आठवड्याचं चहाचं रेशन संपवलं, पण मी प्यायले. आपल्या हेस्टरला एवढं लिहिता येतं हे बघून मला अभिमानाने बसवेना.

मात्र त्या दाराच्या प्रसंगाला मी डोळे झाकले. आणि म्हणून ठरवलं की आईला हे दाखवायचं नाही. तू म्हणशील भित्री. आहे. मी तिला सांगून टाकलंय की सिनेमात नुसता नाच आहे, पडद्यावर दर पाच मिनिटांनी कुणीतरी कुणाचं चुंबन घेतं, आणि हेस्टरलासुद्धा तो आवडलेला नाही. चुंबनांचं नाव काढलं की ती जात नाही, तुला माहीतच आहे. शिवाय गुरुवारी मी तिला दंतवैद्याकडे नेणार आहे. ती ऐकून घेत होती आणि माझ्या डोक्याकडे बघत होती.

चूक केली असेल तर पदरात घे.
मेबल


स्कारनेस,
मंगळवार, संध्याकाळ

हेस्टर,

नमस्कार-बिमस्कार राहू दे. ती गेली. आज, मंगळवारी, एकटी. मिसेस पॅश्बी तिच्या शेजारच्या खुर्चीत होत्या, त्यांनीच येऊन सांगितलं. नेहमीसारखी अर्ध्यावर आत आली, वादळ चालू असताना. म्हणजे बोट बुडताना आली, हेस्टर. सगळ्यात आधी तेच बघितलं.

मी धावत घरी गेले. ती हेरिंग तळत होती. माझ्याशी बटाट्यांवर बोलली. मी कसं वाटलं म्हणून विचारलं, तर म्हणाली पीठ जास्त झालंय. मग जेवण झाल्यावर कागद आणि पोस्टाचं तिकीट मागितलं, आणि मला घरी जा म्हणाली. तिने आयुष्यात कुणाला पत्र लिहिलेलं मी बघितलेलं नाही. जे काही येईल ते बसून वाच.
मे.


स्कारनेस

चि. हेस्टर हिला आईचे आशीर्वाद. मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. अक्षर लावून घे.

मेबल मला सांगत होती की सिनेमा नाचाचा आहे. तिला खोटं बोलता येत नाही, बोलताना कान लाल होतात, बापासारखे. म्हणून गुरुवारची वाट बघितली नाही. दंतवैद्याला दाखवायला माझ्या तोंडात दात तरी किती उरलेत.

आत गेले तेव्हा समुद्र खवळलेला होता. मग चर्चमध्ये बायका, मग ती बाई एकटी घरी येते आणि त्याचा कप खुंटीवरून काढते, पुसते, परत तिथेच टांगते. तेव्हा सगळं थिएटर नाक शिंकरत होतं. मिसेस पॅश्बीने मला रुमाल पुढे केला. मी तिला संत्र्याची फोड दिली. मला रडू आलं नाही. तेवढं मला पाठ होतं. कप परत टांगला हे तुला कसं कळलं ते विचारत नाही, पोरांच्या घरात भिंतींना डोळे असतात.

मग बातम्या झाल्या, नव्या राणीच्या. मग तुझी सुरुवात आली. तो नट तुझ्या बापाच्या पासंगाला पुरत नाही, पण चालतो बरा, जमीन हलतेय असं समजून. त्या बाईला मात्र चहा ओतता येत नाही, सरदारीण असल्यासारखी ओतते. आणि किटलीच्या दांड्याला तार हवी होती. आपल्या होती. पुढच्या वेळी मला विचारत जा.

मग ती सकाळ आली. बाईने पाठ केली. बरोबर केली, तिथे काही चूक नाही. त्याने पिशवी घेतली, कडीला हात लावला. मी कडी वाजायची वाट बघत बसले. त्या दिवशीही मी तिचीच वाट बघत होते, हेस्टर. फार उशिरा वाजली होती. इतकी वर्षं मी समजत होते की तो वाकून बुटाची नाडी बांधत असेल.

तू जिन्यावर होतीस ना? तिसरी पायरी वाजते ती मी ऐकली होती.

मी नियम सगळे पाळले. कपडे धुतले नाहीत, दाराशी गेले नाही, वळले नाही. तरी नेलं त्याला. आणि वर शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. मला समुद्राचा राग नव्हता. मला त्या किटलीचा राग होता, जिच्याकडे मी त्याच्याऐवजी बघत राहिले. आज बघितलं त्याचं तोंड. नटाचं होतं, पण बघणं तुझ्या बापाचं, ईनॉकचंच. तसं तो आमचं लग्न ठरलं त्या दिवशी बघत होता. तू ते कुठून आणलंस मला माहीत आहे, तू तिथे होतीस. लोक म्हणतात तू मोठी लेखिका आहेस. म्हणोत. मी म्हणते तू चांगलं बघितलंस, आणि सांभाळून ठेवलंस.

तो कडीला हात लावून उभा होता तेव्हा मी हातमोजे चढवले आणि उठले. मिसेस पॅश्बीने विचारलं की आपण इथूनच तर बघायला लागलो होतो का. मी हो म्हटलं. ते खोटं होतं. ती बोट अजून सुटायची होती, मी तर वादळात आले होते.

तुझ्या पुस्तकांवरचे कागद काढलेत. रात्री वाचायला घेईन, मधूनच कुठूनतरी. मेबलला रागावू नकोस. तिची टोपी भरून दे. थंडीत छाती झाकून हिंड, आणि आईवर आहे ती माया असू दे.

तुझी आई,
एडा गारबट

ता. क. सिनेमा शनिवारपर्यंत आहे. मी रोज जाणार, उशिराच. आणि कडी वाजायच्या आत उठणार.